म्युझिक व्हिडिओचा ग्रुप प्रोजेक्ट आणि प्लेबॅक सांभाळणारा माणूस

मास मीडियाच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये दिग्दर्शक कोण आणि कॅमेरा कोणाकडे यावर भरपूर चर्चा रंगते. एडिटिंग ज्याचा लॅपटॉप बरा त्याच्या गळ्यात पडतं. गाणाऱ्याला ओठ जुळवता यावेत म्हणून शूटच्या वेळी गाणं वाजवायचं, म्हणजे प्लेबॅक, ते कोण करणार, हे मात्र कुणी विचारतच नाही. शूटच्या दिवशी जो मोकळा दिसेल त्याच्या हातात ब्लूटूथ स्पीकर दिला जातो, आणि ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे असा व्हिडिओ तिथेच तयार व्हायला लागतो. पाच-सहा जणांच्या टीममध्ये एक जण पूर्ण वेळ प्लेबॅकसाठीच हवा, असं माझं ठाम मत आहे. त्याला दुसरं काम देऊ नका, चहा आणायलासुद्धा पाठवू नका.

त्याचं काम शूटच्या आधीच सुरू होतं. संगीतकाराकडून गाणं डब्ल्यूएव्ही (WAV, न दाबलेल्या) फाइलमध्ये घ्यायचं. मिक्स पक्कं नसलं तरी चालेल. ढोलकीचा आवाज कमी-जास्त करणं, रिव्हर्ब (आवाजाला घुमारा) घालणं हे नंतर होऊ द्या. लय, गाण्याची रचना आणि गायकाचा टेक (रेकॉर्ड केलेलं गाणं) मात्र ठरलेला हवा. ‘तुम्ही शूट करून घ्या, मी दोन ओळी नंतर परत गातो’ असं गायक म्हणाला तर शूट पुढे ढकला. दुसऱ्यांदा गाताना श्वास आणि हरकती वेगळ्या जागी पडतात, आणि क्लोजअपमध्ये ते लपत नाही. एमपी३वर शूट आणि डब्ल्यूएव्हीवर एडिट असंही करू नका. एमपी३ बनताना फाइलच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता जोडली जाते, आणि एखाद्या फ्रेमचा (व्हिडिओतल्या एका चित्राचा) फरक उगाच मागे लागतो.

मग ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचे तुकडे पाडायचे: सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, पहिला अंतरा, मधला पीस, दुसरा अंतरा. प्रत्येक तुकड्याआधी गाण्याच्या लयीत चार टिक टाका. त्या नसल्या तर गाणाऱ्याचा पहिला शब्द हमखास सुटतो, आणि तो एक शब्द गेला म्हणून सगळा टेक परत करावा लागतो. तुकड्यांची यादी वेळेसकट कागदावर छापून घ्या, फोनवर नको, कारण फोन गाणं वाजवण्यात अडकलेला असेल. तो एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तिसऱ्या टेकला कुणाची तरी आई फोन करणारच.

स्पीकर शक्यतो ऑक्स केबलने (हेडफोनच्या जागी लागणाऱ्या वायरने) जोडा. ब्लूटूथचा आवाज किंचित उशिरा येतो, पण एकच स्पीकर असेल तर त्याने बिघडत नाही, कारण गाणारा आणि कॅमेऱ्याचा माइक दोघेही तोच आवाज ऐकतात. अडचण होते ती दोन ब्लूटूथ स्पीकर दोन टोकांना ठेवल्यावर. स्पीकर गाणाऱ्याजवळ हवा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे कॅमेरा स्पीकरपासून १४ मीटर लांब गेला की त्याच्या माइकमध्ये गाणं एक फ्रेम उशिरा पोचतं. असा वाइड (लांबून घेतलेला) शॉट आवाजावरून जुळवला की ओठ एक फ्रेम आधी हलताना दिसतात. एडिटिंगच्या टाइमलाइनवर तो एक फ्रेम पुढे (उजवीकडे) सरकवायचा.

टेकचा क्रम पक्का ठेवा. आधी कॅमेरा रोल, मग मोठ्याने घोषणा (‘मुखडा दोन, टेक तीन’), मग क्लॅप, मग प्लेबॅक. घोषणेचा कंटाळा केला तर एडिटला रडायची वेळ येते. संगणकावर बनवलेल्या गाण्यात दुसरा मुखडा बहुतेक वेळा पहिल्याचीच कॉपी असते. आवाजाचा आलेख हुबेहूब तोच असल्यामुळे ऑटो-सिंक (आवाजावरून शॉट आपोआप जुळवणारी सोय) दुसऱ्या मुखड्याचा शॉट खुशाल पहिल्यावर नेऊन ठेवतं. ओठ तर जुळलेले दिसतात, पण पुढच्या ओळीला दुपट्टा भलत्याच खांद्यावर असतो.

गाणाऱ्याला खरंच मोठ्याने गायला लावा. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा, छातीतला श्वास, भुवया काहीच हलत नाही, आणि खोटेपणा लगेच कळतो. प्रत्येक लोकेशनवर आधी सगळं गाणं सलग एकदा वाइडमध्ये घ्या, मग मिड, मग क्लोज. हात, पाय, वाद्यं, खिडकी असले इन्सर्ट सगळ्यात शेवटी. साडेतीन मिनिटांच्या गाण्याला तीन लोकेशन आणि तीन फ्रेमिंग धरली तर नऊ सलग टेक, म्हणजे ३२ मिनिटांच्या आसपास फुटेज होतं. ४के व्हिडिओला १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) मिनिटाला ०.७५ जीबी लागते, तेव्हा एका कॅमेऱ्याचे २४ जीबी झाले. फसलेले टेक आणि इन्सर्ट धरून दुप्पट समजा. कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी हवी. १५ जीबीच्या फुकट गूगल ड्राइव्हवर हे सगळं मावत नाही.

फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) २५ ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. शटर (एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. १/६० ठेवलं की पडद्यावर पट्टे दिसायला लागतात आणि ते एडिटमध्ये नीट जात नाहीत. स्वस्त एलईडी माळांचा मात्र भरवसा नाही. त्यांची लुकलुक वेगळ्याच गतीची असते, म्हणून आदल्या दिवशी त्याच कॅमेऱ्याने दहा सेकंद शूट करून बघा.

फोनवर शूट असेल तर आणखी एक भानगड आहे. फोनचं नेहमीचं कॅमेरा अ‍ॅप उजेडाप्रमाणे फ्रेम रेट कमी-जास्त करतं. मग मुखडा जुळतो आणि शेवटचा अंतरा हळूहळू घसरतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप मोफत आहे. त्यात फ्रेम रेट, शटर, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) चारही लॉक करा. आधीच शूट झालं असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ फाइली बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून फाइली बदलून घ्या आणि मगच एडिटला बसा.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळलेले बघून लोक चकित होतात, पण त्यामागे साधं गणित आहे. ५० फ्रेमला शूट करायचं, गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, आणि एडिटला क्लिप ५० टक्के करायची. वेग वाढवताना ऑडॅसिटीत ‘चेंज टेम्पो’ वापरा, म्हणजे सूर तोच राहतो आणि गाणाऱ्याला शब्द कळतात. शटर १/१००. मूळ गाणं १०० बीपीएमचं (मिनिटाला १०० ठोक्यांचं) असेल तर ते २०० होतं आणि भरभर शब्दांच्या ओळी तोंडात बसत नाहीत, म्हणून हा प्रकार लांबलेल्या स्वरांच्या ओळींवरच करा. मला स्वतःला ३० फ्रेम आणि १२० टक्के वेगाचं गाणं जास्त आवडतं. २५च्या टाइमलाइनवर हालचालीला थोडा भारदस्तपणा येतो आणि स्लो मोशन आहे हे कळतही नाही. तिथेही शटर १/१०० ठेवा. फक्त बऱ्याच कॅमेऱ्यांचे ३० हे प्रत्यक्षात २९.९७ असतात, तेव्हा शॉट लांब असेल तर गाणं ११९.८८ टक्क्यांवर न्या. कॅमेऱ्याचा खास स्लो मोशन मोड पुष्कळदा आवाज रेकॉर्डच करत नाही. साधा ५० फ्रेमचा मोड घ्या.

एडिटला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. फुटेज आत घेण्याआधी प्रोजेक्ट २५ फ्रेमला लावा, नंतर तो आकडा बदलू देत नाही. गाणं सगळ्यात खाली, त्यावर प्रत्येक सलग टेक आपापल्या ट्रॅकवर. सिंक तपासायला प, ब, भ, म ही अक्षरं शोधा. त्यांच्या उच्चाराला दोन्ही ओठ मिटतातच. ‘मन’ शब्दातल्या ‘म’ला ओठ मिटलेली फ्रेम आणि गाण्यातली तीच जागा एकावर एक आली की जुळलं. हे काम ब्लूटूथ इअरफोन लावून कधीही करू नका, कारण आवाज उशिरा ऐकू येतो आणि बरोबर जुळलेला शॉट तुम्ही हाताने बिघडवून ठेवता.

१०० बीपीएमच्या गाण्यात २५ फ्रेमला एक ठोका बरोबर १५ फ्रेमचा येतो, १२० बीपीएमला साडेबाराचा. म्हणून १२०च्या गाण्यात मार्कर (ठोक्यांच्या खुणा) मोजून नव्हे, ऐकून टाका. कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी टाकला की डोळ्याला नेमका वाटतो. प्रत्येक ठोक्याला कट टाकण्याची हौस पहिल्या मुखड्यात भागवून घ्या. अंतऱ्याला तरी चेहरा थांबू द्या.

गाणं निवडताना हक्कांचं बघा. तुकोबांच्या अभंगाचे शब्द मोकळे आहेत, पण सगळ्यांच्या तोंडी असलेली चाल आणि रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही. मित्राचं नवं गाणं असेल तर गीतकार, संगीतकार, गायक तिघांची लेखी संमती घ्या. शनिवारवाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. गोव्यात शूटिंगच्या परवानग्या एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा बघते.

नामावली देवनागरीत असेल तर ती शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचं टेक्स्ट इंजिन निवडा. रिझॉल्व्हमध्ये गडबड झाली तर इंकस्केप या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक पीएनजी (चित्राची फाइल) बनवून आणा. फॉन्ट युनिकोडच हवा. ‘दिग्दर्शक’, ‘निर्मिती’ आणि ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द टाइप करून बघा. तिघेही नीट उमटले तर बाकीचं टाइप करायला हरकत नाही.