नरसिंगपूरच्या पायऱ्यांवर

बेलवाडीचं रिंगण, इंदापूरचा मुक्काम, सगळं आता एकात एक मिसळलंय. इंदापूरनंतर आमची छोटी दिंडी सोहळ्यातून बाजूला होते आणि नीरा नरसिंगपूर करून बोरगावला पुन्हा तुकोबांच्या पालखीत मिळते. निम्म्या घरांचं कुलदैवत नृसिंह, म्हणून ही वाट.

त्या दुपारी डाव्या टाचेचा फोड लिंबाएवढा झाला होता. ऊन तापलेलं, दोन्ही अंगांना ऊस, वाऱ्याची झुळूक नाही. विणेकरी थांबायला तयार नाहीत. तोंडानं अभंग चालू होता, मनात त्यांच्याबद्दल नको नको ते येत होतं.

देवळाखाली पोचलो आणि घाटाच्या पायरीवर बसूनच राहिलो. बाकीचे दर्शनाला वर गेले. समोर भीमा आणि नीरा एकमेकींत शिरत होत्या. पलीकडचं गाव संगम, तिथून सोलापूर जिल्हा.

"माउली, पाय बघू." शेजारी धुणं आपटणाऱ्या आजी. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी टाच मांडीवर घेतली. पदराला खोचलेली सुई काढली, दोरा ओवला आणि फोडाच्या या कडेनं त्या कडेला अलगद काढला. "कातडं सोलू नगं. दोरा आतच ऱ्हाऊ दे, पानी त्याच्यावाटं गळतंय."

पाणी गळेपर्यंत त्या बोलत होत्या. वरची मूर्ती वाळूची, प्रल्हादानं याच नदीकाठी घडवलेली. देऊळ विंचूरकर सरदारांनी बांधलं, त्यांचंही कुलदैवत हेच. विठ्ठल शिवदेव विंचूरकर मला ठाऊक होते ते १७६१ च्या पानिपतामुळे, रणातून जिवानिशी परतलेले म्हणून. त्यांचं घराणं इथं देवासाठी एवढा काळा दगड रचून गेलंय, हे त्या पायरीवर बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं. दगडाच्या कडा पावलांनी गुळगुळीत झाल्या होत्या. "पूर आला की ह्या पायऱ्या दिसत न्हाईत बघा," आजी म्हणाल्या. "देव वर हाय म्हून बरं."

मग दोरा तोडून त्यांनी माझ्या त्याच पावलावर डोकं ठेवलं. चिखलानं, घामानं भरलेलं पाऊल. मी धडपडत वाकलो, त्यांचे पाय धरले. हात साबणाच्या पाण्यानं ओले झाले.

वरून टाळ ऐकू आले. दर्शन राहिलंच होतं. लंगडत पायऱ्या चढलो.