८४० फोटो आणि एक दुपार

आज दुपारभर लाइटरूम क्लासिक, म्हणजे फोटो निवडायचं आणि सुधारायचं सॉफ्टवेअर, उघडून बसले होते. ८४० रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेले प्रक्रिया न केलेले फोटो. या वेळी मनाशी पक्कं केलं होतं, पहिल्या फेरीत एकाही फोटोला स्टार द्यायचा नाही. फक्त कीबोर्डवरचं पी किंवा एक्स. ठेवायचा की काढायचा, एवढंच. कॅप्स लॉक चालू असलं की खूण केल्याबरोबर पुढचा फोटो आपोआप समोर येतो. लय मोडत नाही, आणि हे फार मोलाचं आहे.

दुसऱ्या फेरीत स्टार. एकाच क्षणाचे सात फोटो होते: आजोबा नातीच्या केसांना क्लिप लावतायत. शंभर टक्के झूम केल्यावर कळलं, सहांमध्ये फोकस आजोबांच्या बाहीवर आहे, एकातच डोळ्यांवर. पण नेमकी त्यातच नात भलतीकडे बघतेय. कितीतरी वेळ दोन फोटो शेजारी-शेजारी लावून पाहत राहिले. शेवटी बाहीवाला ठेवला, कारण त्यात ती खुदकन हसलीय. चार स्टार. मला हा निर्णय अजूनही बरोबर वाटतोय.

पाच स्टार आज कुणालाच नाहीत. ते आठवड्याने, ताज्या नजरेने.

आणि हो, हे स्टार कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या स्वतःच्या नोंदवहीत राहतात, कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये नाही. म्हणून उठण्याआधी सगळे फोटो निवडून कंट्रोल एस केलं. आता प्रत्येक फाइलशेजारी तिच्या नोंदींची छोटी एक्सएमपी फाइल आहे, कॅटलॉग बिघडला तरी स्टार शाबूत.

निवडीनंतर ११२ फोटो उरलेत. उद्या रंगांचं काम.