सुट्टीआधीचा फ्रीज

"फ्रीज तर बंद करून गेलो होतो, मग हा वास कसला?" सुट्टीवरून परतलेल्या शेजाऱ्यांचा आजचा प्रश्न.

वीज वाचवली, चांगलंच केलं. पण दार घट्ट लावून! आत कोंडलेल्या ओलाव्यात बुरशी धरणारच.

महिनाभर जायचं असेल तर आदल्या दिवशीच फ्रीज रिकामा करून बंद करावा, बर्फ पूर्ण वितळू द्यावा. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून आतून पुसावा. दाराच्या रबराच्या घड्या तर नक्कीच. काळे डाग आधी तिथेच पडतात. मागे कॉम्प्रेसरजवळ पाण्याचा ट्रे असतो (बहुतेकांना पत्ताच नसतो), तोही ओतावा. मग दारात टॉवेलची गुंडाळी अडकवून फट ठेवावी.

चार दिवसांसाठी मात्र एवढा खटाटोप कशाला? चालू राहू द्या, नासणारं तेवढं संपवून निघा.