जा, असे कोणी म्हटले नव्हते

२४ डिसेंबर, रात्र

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आज पुन्हा सावकाश वाचला. देवदूताने मेंढपाळांना बेथलेहेमला जाण्याची आज्ञा केलेलीच नाही. तारणारा, म्हणजे येशू, जन्मला आहे एवढे त्याने सांगितले आणि खूण दिली, ती बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेल्या बाळाची. चला, जाऊ या, हे मेंढपाळ आपण होऊन एकमेकांना म्हणाले. घडले आहे की नाही याची खात्री करून घेऊ, असे ते म्हणाले नाहीत. जे घडले आहे ते पाहू, असे म्हणाले. विश्वास आधीच बसला होता, पाय त्यामागून निघाले.

रात्री कळप सोडून निघणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणालाही कळेल. सुगीनंतर आमच्या शिवारात धनगर मेंढ्या बसवतात, तेव्हा काळोख पडण्याआधी वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावली जाते, कोकरे आत घेतली जातात, कुत्री बाहेर राहतात आणि तरीही कोणीतरी जागे असतेच, कारण लांडग्याची भीती असते. बेथलेहेमच्या रानातले ते लोकही कळपाची राखणच करीत होते. मागे मेंढ्यांपाशी कोण थांबले, हे लूक सांगत नाही. ते घाईघाईने गेले, एवढेच सांगतो.

हीच घाई त्याने पहिल्या अध्यायात येशूची आई मरीया हिच्या बाबतीतही नोंदवली आहे. तिची नातलग, म्हातारी अलीशिबा, हिला सहावा महिना लागला आहे, ही खूण गब्रीएल देवदूताने मरीयेला दिली होती. अलीशिबेकडे जा, असे तोही म्हणाला नव्हता. तरी नासरेथहून यहूदाच्या डोंगराळ प्रदेशापर्यंतची काही दिवसांची वाट धरून मरीया तातडीने निघाली. मला वाटते, ज्याला देवाचे बोलणे खरे वाटते त्याला पुढचे पाऊल वेगळे सांगावे लागत नाही.

आणि याच्या अगदी उलट चित्र मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात रेखाटले आहे. दूरच्या पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी, म्हणजे ज्योतिषी विद्वानांनी, यहूद्यांचा राजा कोठे जन्मला अशी चौकशी केली तेव्हा हेरोद राजाने मुख्य याजक व शास्त्री यांना जमवले, आणि त्यांनी मीखा संदेष्ट्याच्या आधारे बेथलेहेमचे नाव अचूक सांगितले. यरुशलेमेपासून ते गाव जेमतेम ८-९ किलोमीटरवर आहे. त्यांच्यापैकी कोणी तिकडे गेल्याचा उल्लेख नाही. शास्त्राचे इतके ज्ञान असलेल्या माणसांना तेवढे अंतर चालावेसे वाटू नये, याचे मला फार वाईट वाटते, आणि हा सारा वृत्तांत लहानपणापासून पाठ असलेल्या आमच्यासारख्यांविषयी धाकही वाटतो.

प्रभू, ती ओढ मला दे. आमच्या मंडळीतल्या एक आजी बरेच दिवस अंथरुणाला खिळून आहेत. नाताळची उपासना त्यांना अंतरणार. त्यांच्याकडे जा, असे मला कोणी सांगितलेले नाही. उद्या पहाटेच जाईन, त्यांच्या उशाशी बसून हाच अध्याय मोठ्याने वाचेन आणि त्यांना आवडेल ते गीत दोघे मिळून गाऊ.