सिंहाचे तळवे

मागच्या वेळी आम्ही सिंह पाहिला, म्हणजे सिंहाचे तळवे पाहिले. ऐन दुपार होती. झाडाच्या बुंध्याआड स्वारी आडवी पसरलेली, तोंड पलीकडे. आमच्या वाट्याला मागचे दोन पाय आले. तळव्यांच्या गाद्या काळसर, कडेला भेगाळलेल्या, आणि त्यातल्या एकीला वाळक्या गवताचं एक पातं चिकटलेलं. पंधरा मिनिटं आम्ही त्या पात्याकडे बघत उभे होतो. मध्येच शेपटीचा गोंडा एकदा उडाला, तेव्हा कठड्यापाशी रेललेल्या सगळ्या गर्दीने "हललाऽ!" असा गजर केला. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. तो म्हणाला, "आई, याचं बटण बंद आहे का?"

यात सिंहाची काही चूक नव्हती. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास पडून काढतो, आणि उरलेले चार-आठ तास तो बहुधा आमच्या सोयीचे निवडत नाही. आम्ही सुट्टीच्या दिवशी निवांत उठून, एकमेकांचं आवरण्याची वाट बघून, गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येऊन, बरोब्बर त्याच्या गाढ झोपेच्या मुहूर्तावर पोहोचलो होतो.

म्हणून या वेळी परदेशी प्राण्यांच्या उद्यानात जायचं ठरल्यावर आखणी मी माझ्याकडे घेतली. "त्यात आखायचंय काय, तिथे गेल्यावर बघू," असं नवरा म्हणाला. 'तिथे गेल्यावर बघू' पंथाची माणसंच शेवटी तळवे बघून परत येतात, हे मी त्याला ऐकवलं नाही. वही उघडली.

पहिला नियम केला: प्रत्येकाने एकच प्राणी सांगायचा. तो काहीही झालं तरी बघायचाच, बाकीचे दिसले तर दिसले. मुलाने क्षणाचाही विचार न करता कॅपिबारा सांगितला. जगातला सगळ्यात मोठा कृंतक, म्हणजे उंदराच्याच खानदानातला, पण अंगापिंडाने चांगला पन्नास किलोचा. मुलाने तो मोबाइलवर डोक्यावर पक्षी बसवून शांतपणे बसलेला पाहिला होता. मुलगी अकरा वर्षांची. तिला स्लॉथ, म्हणजे झाडाला उलटा लटकून राहणारा तो अतिसंथ प्राणी, हवा होता, कारण "त्याला कुणी 'लवकर आवर' म्हणत नाही." ते कुणाला उद्देशून होतं ते सगळ्यांना कळलं. नवऱ्याने जिराफ निवडला. सासूबाई म्हणाल्या, "जिथे बसायला बाक असेल तिथलं काहीही." मग जरा थांबून, "फ्लेमिंगो असतील तर बघीन."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अरबी ऑरिक्स."

तो कोण, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही. "यादीत लिही," एवढंच म्हणाले.

मग मी वहीत प्रत्येक प्राण्यापुढे त्याची झोपेची वेळ लिहायला घेतली, आणि आखणीला खरा रंग चढला. लेमूर सकाळी उन्हं आली की पोट सूर्याकडे करून, हात पसरून बसतात. शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असलेले ते वाटोळ्या डोळ्यांचे जीव एका रांगेत ऊन खाताना बघायचे, तर दार उघडतं त्या वेळी आपण दारात हवं. जिराफाची काळजी नाही. तो चोवीस तासांत फार थोडा झोपतो, तेही तुकड्या-तुकड्यांनी, त्यामुळे कधीही गेलं तरी उभाच सापडणार. स्लॉथचं उलट. तो झाडावरून खाली उतरतो साधारण आठवड्यातून एकदा, आणि तेही शौचाला. तो मुहूर्त साधायचा तर उद्यानातच मुक्काम करावा लागेल. फ्लेमिंगो तर एका पायावर उभा राहूनच झोपतो. आपल्याला ती कसरत वाटते, पण त्याच्या पायाची रचनाच अशी की एका पायावर उभं राहायला त्याला स्नायू फारसे ताणावे लागत नाहीत. २०१७ साली संशोधकांनी हे मेलेल्या फ्लेमिंगोंवर ताडून पाहिलं. ते निष्प्राण पक्षीही एका पायावर तोल सांभाळून राहिले. हे वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आणि माझे गुडघे बघ."

सासूबाईंची स्वतःची झोप दुपारी एक ते अडीच. ती मोडलेली मी पंधरा वर्षांत पाहिलेली नाही. वहीत सिंहाच्या खाली मी तीही ओळ लिहिली. दोघांच्या वेळा जुळत होत्या.

बाकीच्या गोष्टी पटापट उरकल्या. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, वापरून सैल झालेले बूट (नवे बूट घालून प्राणी बघायला जाणाऱ्यांना दुसऱ्या तासाला फक्त स्वतःचे पाय दिसतात), नकाशावर स्वच्छतागृहांभोवती लाल गोल. खाऊचे डबे आपल्यासाठीच, माकडांसाठी नाहीत, ही ताकीद मुलाला दोनदा आणि नवऱ्याला तीनदा.

वाद झाला तो वेगळ्याच जागी. मुलगी कुठूनसा दुसऱ्या एका जागेचा शोध लावून आली. तिथे स्लॉथ हातात घेता येतो, वाघाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजता येतं, आणि त्याचा फोटोही मिळतो. "तिथे सगळं नक्की दिसतं," ती म्हणाली. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि तिथेच सगळी गोम होती. बछडा बाटलीने दूध पितो, कारण त्याला आईपासून तोडलेलं असतं. गळ्यात पडलेला स्लॉथ आपल्याला प्रेमळ वाटतो. तो प्रेमाने नाही, घाबरून गप्प असतो. फोटोसाठी हातात देतात त्या लोरिस नावाच्या वाटोळ्या डोळ्यांच्या प्राण्याचे तर दातच कापून टाकलेले असतात, कारण त्याचा चावा विषारी असतो. हे सगळं मी शक्य तितक्या हलक्या आवाजात सांगितलं. मुलगी काही बोलली नाही. थोड्या वेळाने वहीतल्या स्लॉथपुढे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'लांबून.'

तेव्हापासून कुठलंही उद्यान निवडताना मी आधी प्राण्याला लपायला जागा आहे का ते बघते. जिथे प्राणी दिवसभर काचेला लागून त्याच वाटेने त्याच फेऱ्या मारत असतो, तिथे तो 'छान दिसतो' खरा, पण त्या फेऱ्या म्हणजे कंटाळ्याने आणि कोंडमाऱ्याने जडलेली खोड असते. गज काढून खंदक आणायची कल्पना कार्ल हागेनबेक या जर्मन माणसाची. १९०७ साली हॅम्बुर्गजवळ त्याने गजांशिवायचं प्राणिसंग्रहालय उघडलं. कुठला प्राणी किती लांब, किती उंच उडी मारतो हे आधी तपासलं आणि त्या हिशेबाने खंदक खणले. हा गृहस्थ मुळात प्राण्यांचा व्यापारी, तेव्हा त्याला फार मोठेपणा द्यायचं कारण नाही. पण गज गेले, मोकळी जागा आली, खडक आले, झाडं आली, आणि झाडांबरोबर झाडाआड जाऊन झोपायची सोय आली. म्हणजे आमच्या वाट्याला तळवे आले ते तिथली व्यवस्था चांगली होती म्हणून, हे मला दोन वर्षांनी उमगलं.

अर्थात, थोडी चलाखी करता येते. चांगल्या ठिकाणी रखवालदार प्राण्यासमोर खाणं नुसतं टाकत नाहीत, लपवून ठेवतात. बर्फाच्या लादीत फळं गोठवतात, ओंडक्याच्या भोकांत दाणे भरतात, जिराफाचा पाला उंचावर टांगतात, म्हणजे हातभर लांबीची ती जांभळट-काळी जीभ वळवून वळवून एकेक पान ओढत बसायला त्याला काम मिळतं. तेव्हा प्राण्याच्या मागे न धावता बादली घेऊन निघालेल्या माणसाच्या मागे जायचं. खाणं देण्याच्या वेळा मी नकाशाच्या कडेला लिहिल्या आणि सगळा दिवस त्या बादलीभोवती गुंफला.

प्रश्न उरला एक ते अडीचचा. तेव्हा सिंह झोपणार, सासूबाई सावलीतल्या बाकावर डोळे मिटणार, मुलं किरकिर करणार. त्यावरचा उतारा नकाशाच्या कोपऱ्यात सापडला: निशाचर प्राण्यांचं दालन. तिथे दिवस उलटा असतो. रात्री लख्ख दिवे लावून प्राण्यांना झोपवतात आणि सकाळी अंधार करतात, म्हणजे आपल्या भरदुपारी त्यांची मध्यरात्र होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने १९६९ साली असं मोठं दालन थाटलं आणि पुढे ही युक्ती ठिकठिकाणी गेली. आत डोळे सरावेपर्यंत काचेत फक्त आपलंच तोंड दिसतं. मग एखाद्या फांदीवर काहीतरी सरकतं. बोलायचं नाही, काचेवर टकटक नाही, फ्लॅश तर अजिबात नाही. मी मुलांकडून तीन दिवस याची तालीम करून घेतली.

ऑरिक्सबद्दल मी गुपचूप वाचलं. वाळवंटातलं पांढरंशुभ्र हरणासारखं जनावर, शिंगं इतकी सरळ आणि सारखी की बाजूने बघितलं तर एकशिंगी वाटावं. १९७२ साली निसर्गातला शेवटचा कळप शिकारीत संपला. पण त्याआधी थोडे पकडून प्राणिसंग्रहालयांत वाढवले होते. त्यांच्या पिलावळीतले काही १९८२ साली ओमानच्या वाळवंटात परत सोडले. सासऱ्यांना हे विचारलं तर म्हणाले, "तेव्हा पेपरात बातमी वाचली होती. ते पुढे कसे आहेत, एवढंच बघायचंय." माणूस चाळीस वर्षं एखाद्या जनावराची खुशाली विचारायची राहून गेली म्हणून मनात ठेवतो, आणि घरात कुणाला पत्ता नसतो. ऑरिक्सच्या कुंपणापाशी मी अर्धा तास राखून ठेवला. नवरा म्हणाला, एका हरणाला अर्धा तास? मी तो पाऊण केला.

निघायच्या आदल्या रात्री सगळे लवकर झोपले. मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, मोबाइलच्या उजेडात, नकाशा पसरून बसले होते. जिराफाकडून फ्लेमिंगोंकडे जायची वाट चढाची निघाली होती आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी सगळा क्रम उलटा करावा लागत होता. दारात पावलं वाजली आणि एकदम दिवा लागला. मी दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"फ्लॅश नाही," मी म्हटलं.

दिवा विझला. मुलगी पाण्यासाठी उठली होती, पण दारातच उभी राहिली. तिच्या मागे आणखी एक छोटी सावली येऊन टेकली. दोघंही बोलेनात. मी पेन्सिलीने डोकं खाजवलं, तेव्हा अंधारातून हळूच आवाज आला.

"हललं."