गोलूचा कान

आज आमच्या गोलूचं ऑपरेशन झालं. गोलू म्हणजे लाल पट्ट्याचं पाण्यातलं कासव, नऊ वर्षांपासून घरात आहे. आठवड्यापूर्वी डाव्या डोळ्यामागे हरभऱ्याएवढी गाठ दिसली. मग खाणंच सोडलं. आई रोज विचारायची, "काहून खात नाही बाप्पा हा?"

सकाळी धरमपेठेत डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कानात पू झालाय. कासवाचा पू पातळ नसतो, नुसत्या औषधानं निघत नाही, चिरूनच काढावा लागतो. भूल देऊन पडद्यावर छोटा छेद घेतला आणि चिमट्यानं एक पिवळसर, घट्ट गोळी अख्खी बाहेर काढली. वाळलेल्या पनीरच्या तुकड्यासारखी! इतके दिवस हे घेऊन बसला होता बिचारा.

कारण ऐकून जीव चरकला. अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि अस्वच्छ पाणी. आम्ही वर्षानुवर्षं त्याला नुसती सुकी झिंगी घालत होतो. तो मिटक्या मारत खायचा, म्हणून आम्हीही खूश. आता गाजर, कोहळं (लाल भोपळा), पालेभाजी आणि कासवाचं खास खाद्य.

जखम भरेपर्यंत बराच वेळ कोरडं ठेवायचंय, पाण्यात थोडाच वेळ. सध्या टबात ओल्या टॉवेलवर बसलाय. आत्ताच मान बाहेर काढून आईकडे बघितलं त्यानं.