तुम्ही विचारलंत म्हणून: खेळ खेळून टीम होते का?

"दोऱ्यांचे खेळ खेळून ऑफिसातलं राजकारण थांबतं का हो?" हे मला लग्नात विचारतात, सोसायटीच्या मीटिंगला विचारतात, हिंजवडीत नोकरी करणारा भाचा तर दर दिवाळीला, "मावशी, खरं सांग, कंपनीचे पैसे वायाच ना?" मुळशी, कामशेत, कर्जत या पट्ट्यात मी कंपन्यांचं आउटबाउंड ट्रेनिंग घेते, म्हणजे ऑफिसातल्या माणसांना बाहेर मोकळ्यावर नेऊन खेळांतून एकत्र काम करायला शिकवते. आजवर हसून विषय बदलला, आता एकदा सांगूनच टाकते.

राजकारण थांबत नाही. थांबेल असं मी कधी कुणाला म्हटलेलंही नाही. पण माणसं नुसती एकत्र आणली की काम वाढतं, हा समजही खोटा आहे. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनियरने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता, 1913 साली ते छापून आलं. आठ जण मिळून ओढायला लागले की एकेकाचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. थोडी अंगचोरी, थोडा ताळमेळ नसणं. हा ताळमेळ शिकवता येतो, माझं पोट त्यावरच आहे.

चाकणच्या बाजूचा एक कारखाना, नाव घेत नाही. प्रॉडक्शन, क्वालिटी आणि मेंटेनन्स, तिघांचं आपसात वाकडं. दोन झाडांमध्ये दोरीचं जाळं बांधलं होतं, एका भोकातून एकानेच जायचं आणि दोरीला कुणाचा धक्का लागला की सगळ्यांनी परत पहिल्यापासून. साहेब लोक ओरडून सूचना देत होते, दोरी दर वेळी हलत होती. शेवटी मेंटेनन्सचा एक फिटर बोलला, "साहेब, खालची भोकं शेवटच्यांसाठी ठेवा, त्यांना उचलायला मागे कुणी उरत नाही." त्याचं ऐकलं आणि जमलं.

मग गोल करून बसलो तेव्हा मी त्याला विचारलं, असं कारखान्यात कामावर का बोलत नाही? तर म्हणाला, "मॅडम, टार्गेट गाठायला प्रेस मशीनचा सेफ्टी सेन्सर बायपास करायला लावतात आणि लॉगबुकात लिहू देत नाहीत." प्लँट हेड समोरच होते, त्यांनी वहीत लिहून घेतलं, मान हलवली. मला वाटलं, एवढ्यासाठीच तर हा दिवस.

पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन. शो कॉज नोटीस, बाहेरच्या व्यक्तीसमोर कंपनीची बदनामी केली म्हणून. ती बाहेरची व्यक्ती म्हणजे मी! इथे बोललेलं इथेच राहील, असं त्यांच्याच सहीच्या कागदावर होतं. मी फोन केले, मेल केले, भांडले. नोटीस मागे घेतली, पण त्याला कायमची रात्रपाळी लावली आणि काही महिन्यांत त्याने नोकरी सोडली.

म्हणून खेळ फसला का? मी म्हणते, नाही. उलट खेळाने जे करायचं तेच केलं, माणूस बोलता झाला. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंना नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांच्या अभ्यासात दिसलं की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जातात. त्यांनी याचा अर्थ असा लावला की तिथे चूक सांगायची भीती वाटत नाही. टीम बिल्डिंगचा फायदा मला विचाराल तर हाच, चूक लपत नाही, प्रेसखाली कुणाचा हात जायच्या आधी कळतं.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचे, एक दिवस द्या, माणसं बदलून देते. तेव्हाच्या त्या मला आज विचारावंसं वाटतं, माणसं बदलतील गं, पण सोमवारी ती त्याच साहेबाच्या हाताखाली परत जाणार, त्याचं काय? त्यावर ती म्हणेल, मग काय घेऊच नको ट्रेनिंग? घेतलं नसतं तर तो फिटर कुठेच बोलला नसता. आणि तेही खरंच आहे.

आता मी तारीख देण्याआधी प्लँट हेडबरोबर एक बैठक घेते, बोलणाऱ्यावर कारवाई होणार नाही आणि निघालेल्या तक्रारीचं काय केलं ते महिन्याभरात सगळ्यांना सांगायचं, हे लेखी घेते. बऱ्याच कंपन्या त्यानंतर परत फोनच करत नाहीत. माझी नवी सहकारी म्हणते, ताई, अट सोडा, नाहीतर ज्यांना खरी गरज आहे त्या कंपन्या आपल्याकडे यायच्याच नाहीत. तिच्याशी माझं यावरून अजून वाजतं.